औषधाच्या चिठ्ठीवर चालण्याची मात्रा

रक्तदाब मोजून होतो, साखरेचा अहवाल पाहून होतो. डॉक्टर चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहितात आणि पुढच्या रुग्णाला बोलावण्यासाठी घंटेकडे हात नेता नेता म्हणतात, 'आणि हो, थोडं चालत जा.' रुग्ण मान डोलावतो. गोळ्या घेतल्या जाणार आणि चालणे राहून जाणार, हे दोघांनाही ठाऊक असते. तीन महिन्यांनी रुग्ण परत येतो, तेव्हा हेच संभाषण पुन्हा होते. पुणे असो, नागपूर असो की बंगळूर, दवाखान्यातले हे दृश्य सगळीकडे सारखेच.

रुग्ण आळशी असतात, असे डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना बोलायला वेळच नसतो, असे रुग्ण म्हणतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण खरी अडचण आणखी साधी आहे. गोळी देताना डॉक्टर तिचे नाव लिहितात, ती किती आणि केव्हा घ्यायची ते सांगतात आणि पुढच्या भेटीत 'घेता ना?' असे विचारतात. व्यायामाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याला ना मात्रा, ना वेळ, ना चौकशी. मग रुग्णानेही तो सल्ला औषध म्हणून न घेता शिष्टाचाराचे वाक्य म्हणून घेतला, तर त्यात नवल काय?

निम्मा देश बसलेला

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, २०२२ साली भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. २००० साली हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आढळले. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचे सांगितले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याहून वेगळे.

खरे तर बंगळूर हे चालणाऱ्यांचे शहर व्हायला हवे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, वर्षातले बहुतेक महिने सौम्य हवा, लालबागेचा २४० एकरांचा विस्तार आणि शहराच्या मध्यभागी कब्बन पार्क. पहाटे या दोन्ही ठिकाणी चालणाऱ्यांची गर्दी असते. मात्र त्याच शहरात हजारो माणसे रोज वाहनांच्या कोंडीत तासन् तास बसतात आणि तेथून सुटली की संगणकासमोर बसतात. बाग जवळ असली म्हणून पाय तिकडे वळतातच असे नाही. ते वळवावे लागतात आणि हे काम डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आरोग्यसेविका यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही.

बसून राहण्याचा हृदयाशी काय संबंध असतो, ते १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांनी दाखवून दिले. डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करणारे. तरी दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक होता आणि दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत कमी. मुंबईच्या 'बेस्ट'च्या जुन्या दुमजली बसमध्ये वर-खाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

बंगळूरने दिलेला धडा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी जातो, तेव्हा सोबत औषधांची लांबलचक यादी असते. काही महिन्यांत एखादी गोळी सुटते, फिरणे थांबते, विडी-सिगारेट हळूच परत येते. दुसऱ्या झटक्याची वाट अशीच तयार होते. हे थांबवण्यासाठी बंगळूरच्या सेंट जॉन्स या संस्थेतील डॉ. डेनिस झेवियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील १४ रुग्णालयांतले ८०६ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एक प्रशिक्षित आरोग्यसेवक मिळाला.

हा आरोग्यसेवक डॉक्टर नव्हता. तो रुग्णाला रुग्णालयात चार वेळा भेटे आणि दोनदा त्याच्या घरी जाई. व्याख्यान देण्याऐवजी तो गप्पा मारे, चित्रे दाखवी आणि रुग्णाला स्वतःची डायरी ठेवायला लावी. औषधे का घ्यायची, किती चालायचे, काय खायचे, तंबाखू कशी सोडायची, हे सारे त्या गप्पांतूनच येई.

वर्षभरानंतर या गटातील रुग्ण औषधे अधिक नियमितपणे घेत होते. तंबाखू सोडणारे आणि व्यायाम चालू ठेवणारेही त्यांच्यात अधिक होते. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. सहा भेटी आणि एक वही, एवढ्यावर हे घडले.

यातून डॉक्टरांच्या वेळेच्या तक्रारीलाही उत्तर मिळते. जगातील ६७ देशांच्या माहितीचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, तर भारतात हा वेळ जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास असल्याचे त्यात दिसले. दोन मिनिटांत कोणाची सवय बदलणार? पण व्यायामाचा विषय काढण्यापुरती दोन मिनिटे डॉक्टरांची असावीत आणि पुढचे बोलणे परिचारिकेने, फिजिओथेरपिस्टने किंवा आरोग्यसेविकेने करावे, ही वाटणी सहज जमण्यासारखी आहे. बंगळूरमध्ये २०२३ मध्ये 'नम्म क्लिनिक' सुरू झाली. कन्नडमध्ये 'नम्म' म्हणजे 'आपले'. मुंबईतही 'आपला दवाखाना' आहे. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण जिथे वारंवार येतात, अशा जागी हे काम सर्वांत सोपे.

आधी विचारावे, मग सांगावे

बहुतेक सल्ले फुकट जातात, कारण ते देण्यापूर्वी काही विचारलेलेच नसते. अमेरिकेतील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने यावर सोपा उपाय काढला. नाडी आणि रक्तदाबाबरोबर प्रत्येक रुग्णाला दोन प्रश्न विचारायचे: आठवड्यातून किती दिवस व्यायाम करता, आणि प्रत्येक दिवशी किती मिनिटे? दोन्ही आकड्यांचा गुणाकार केसपेपरवर लिहायचा. त्यासाठी अर्धे मिनिट पुरते. आपली हालचालही रक्तदाबासारखीच मोजली जाते, एवढे कळले तरी रुग्ण सावध होतो.

उत्तर ऐकताना मात्र संयम हवा. घरातल्या बाईला 'व्यायाम करता का?' असे विचारले की, 'अहो डॉक्टर, दिवसभर कामच असतं, वेगळा व्यायाम कशाला?' असे उत्तर हमखास येते. ते हसण्यावारी नेऊ नये. भारतासह १७ देशांतील १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांचा 'प्युअर' नावाचा अभ्यास झाला. त्यातही बंगळूरचा सहभाग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते. ही हालचाल मैदानावरची असो, कामाची असो वा घरातली, फायदा दिसलाच.

म्हणजे गृहिणीचे म्हणणे चूक नाही. फक्त पुढचा प्रश्न विचारायला हवा: 'कोणत्या कामात दम लागतो?' पाणी भरणे, फरशी पुसणे, जिने चढणे यांत लागत असेल, तर ते जमेस धरावे. ओट्याजवळ उभे राहण्यात आणि मिक्सर फिरवण्यात दिवस जात असेल, तर थकवा येतो पण हृदयाला व्यायाम मिळत नाही, हे तिला समजावून सांगता येते. आपले कष्ट मोजले गेले असे वाटले, की तीच बाई संध्याकाळी वीस मिनिटे बाहेर पडायला तयार होते.

'मध्यम' म्हणजे किती?

'मध्यम स्वरूपाचा व्यायाम करा' हे वाक्य आरोग्यविषयक प्रत्येक पत्रकात असते. पण मध्यम म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. मारिओ वाझ आणि ए. व्ही. भारती यांनी नेमक्या याच प्रश्नाकडे लक्ष दिले. शहरी, नोकरदार मध्यमवर्गीय व्यायामाकडे कसे पाहतात, यावर त्यांनी २००० मध्ये लेख लिहिला. कोणते काम हलके आणि कोणते जड, याबद्दल बंगळूरच्या लोकांच्या कल्पना काय आहेत आणि व्यायामाचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी त्यातून काय घ्यावे, हा त्यांच्या २००४ मधील लेखाचा विषय होता. परदेशी पुस्तकातला शब्द रुग्णापर्यंत त्याच अर्थाने पोचतो असे गृहीत धरून चालत नाही, ही त्यामागची काळजी.

यावर दवाखान्यात वापरता येईल अशी एक सोपी कसोटी आहे. चालताना शेजाऱ्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग म्हणजे मध्यम. गाणे म्हणता येत असेल, तर वेग वाढवावा. बोलतानाही धाप लागत असेल, तर कमी करावा. ना घड्याळ लागते ना यंत्र, आणि सत्तर वर्षांच्या आजींनाही ही खूण लक्षात राहते.

चिठ्ठीवर लिहून द्या

तोंडी सांगितलेले दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरते. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून 'हिरवी चिठ्ठी' देण्याची पद्धत आहे. डॉक्टर औषधाप्रमाणेच व्यायामही कागदावर लिहून देतात. नुसत्या तोंडी सल्ल्यापेक्षा लेखी सल्ल्याचा परिणाम अधिक होतो, हे तेथील अभ्यासात त्याच वर्षी दिसले. आपल्याकडे कागद पांढरा असला तरी चालेल, त्यावरचा मजकूर नेमका हवा.

उदाहरणार्थ, कधीच न चालणाऱ्या पन्नाशीच्या मधुमेही गृहस्थांना 'रोज चाला' असे सांगण्यापेक्षा चिठ्ठीवर असे लिहावे: 'सोमवार ते शनिवार, रात्रीच्या जेवणानंतर, घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि परत, दहा मिनिटे. दोन आठवड्यांनी पंधरा मिनिटे. महिन्याने वहीसह भेटावे.' यात प्रकार आहे, दिवस आहेत, वेळ आहे, मात्रा वाढवण्याचा क्रम आहे आणि पुढची तारीखही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार, प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. ज्येष्ठांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. पण हा पल्ला पहिल्याच दिवशी सांगितला, तर नवखा माणूस हबकतो. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही उपयोगी पडते, हे त्याच शिफारशींत म्हटले आहे. डॉक्टरांनी सुरुवात तेथून करावी.

घरातली भीती

हृदयविकाराच्या रुग्णाबाबत आळसापेक्षा भीतीचा अडसर मोठा असतो. छातीत जरा धडधडले तरी 'पुन्हा तेच' असे त्याला वाटते. घरातल्यांना तर त्याहून अधिक. 'अहो, आता जिने चढायचे नाहीत हं! पिशवी द्या इकडे,' असे म्हणत बायको मायेने नवऱ्याला खुर्चीत बसवून ठेवते. मुलगा स्कूटरवरून सोडतो-आणतो. सहा महिन्यांत तो गृहस्थ खरोखरच दुबळा होतो.

या भीतीला वैद्यकशास्त्राचा जुना इतिहासही कारणीभूत आहे. एकेकाळी झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे बिछान्यावर निजवून ठेवत. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. सॅम्युअल लेव्हिन आणि डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकरच खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे लिहिले, तेव्हा ते धाडसच समजले गेले. आज देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम हा हृदयविकारानंतरच्या उपचाराचाच भाग मानला जातो. पण घराघरांत 'संपूर्ण विश्रांती' हा शब्द अजून टिकून आहे.

म्हणून सल्ला रुग्णाच्या एकट्याच्या कानात सांगून उपयोग नाही. घरी सोडताना पत्नीला किंवा मुलाला समोर बसवून किती चालायचे, जिने केव्हापासून चढायचे, कोणती लक्षणे दिसली की थांबायचे, हे सांगितले पाहिजे. रुग्णालयाच्या व्हरांड्यात परिचारिकेने किंवा फिजिओथेरपिस्टने रुग्णाला घरच्यांसमोर चालवून दाखवले, तर दहा व्याख्यानांचे काम होते. ज्या हाताने पिशवी काढून घेतली जाते, तोच हात मग संध्याकाळी चपला पुढे आणून ठेवतो.

आठवण आणि आवड

सुरुवात करून देणे अर्धे काम. उरलेले अर्धे पाठपुराव्याचे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांना तीन वर्षे पाहिले. काहीच विशेष सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा नियमित सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास एवढाच फायदा झाला.

पुढे २०१३ मध्ये त्यांनी ५३७ नोकरदार पुरुषांवर आणखी साधा प्रयोग केला. सर्वांना सुरुवातीला सारखाच सल्ला दिला. निम्म्यांना त्यानंतर मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. कोणीतरी आपली आठवण ठेवते आहे, याचाही गुण येतो. लहान दवाखान्यातही महिन्यातून एक फोन किंवा संदेश अशक्य नाही.

आवडीचा विचारही हवा. एखाद्याला बागेत एकट्याने फिरणे कंटाळवाणे वाटते, पण योगवर्गाला तो आनंदाने जातो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगाभ्यास शिकवण्याचा प्रयोग देशातील २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा झटका येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्यामुळे निश्चितपणे घटले, असे सिद्ध झाले नाही. मात्र योग शिकलेल्या रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि पूर्वीची कामे ते अधिक प्रमाणात करू लागले. घाबरलेल्या माणसासाठी तेही थोडके नाही.

अशक्त माणसाने व्यायाम करायचाच नाही, हा समज खोडण्यासाठी कर्नाटकातलेच एक उदाहरण पुरेसे आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ मध्ये कोलार जिल्ह्यातील बेल्लूरचा. बालपण आजारपणात गेले. हिवताप आणि क्षयाने त्यांना पोखरले होते. पुढे १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि तेथूनच त्यांचा योग जगभर गेला. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा यांच्या आधाराने वृद्धांना आणि आजाऱ्यांनाही आसने करता यावीत, ही त्यांची देणगी. गुडघे धरलेल्या आजोबांना चालायला जमत नसेल, तर खुर्चीत बसून करायचा व्यायाम दाखवता येतो. 'जमत नाही' हे उत्तर ऐकून डॉक्टरांनी वही मिटू नये.

कोणी जपून?

उत्साहाच्या भरात सावधगिरी सुटता कामा नये. चालताना छातीत दुखणे, विश्रांती घेतानाही धाप लागणे, चक्कर येऊन शुद्ध हरपणे, अशा तक्रारी असतील, तर आधी तपासणी आणि मग व्यायाम. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि अनवाणी फिरू नये. डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल, तर जड वजने उचलू नयेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी श्वास रोखून जोर लावू नये. व्यायाम करताना छातीत दुखू लागले, तर तत्काळ थांबावे आणि वेदना न ओसरल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या गोष्टीही चिठ्ठीवरच लिहिलेल्या असाव्यात.

स्वतः नियमित चालणारे डॉक्टर रुग्णांनाही चालण्याचा सल्ला अधिक आवर्जून देतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 'मलाही सकाळी उठायचा कंटाळा येतो, म्हणून मी संध्याकाळी जातो,' हे डॉक्टरांचे एक वाक्य रुग्णाला आपलेसे वाटते.

डॉक्टर विसरले तर रुग्णाने विचारावे. पुढच्या वेळी तपासणी संपली आणि हात घंटेकडे जाऊ लागला, की चिठ्ठी तशीच पुढे धरून म्हणावे, 'डॉक्टर, मी किती चालू, केव्हा चालू, तेही यावर लिहून द्या.' आणि घरी आल्यावर ती चिठ्ठी गोळ्यांच्या डब्याजवळच ठेवावी.